मेणबत्ती नको, पणती घ्या: खेड्यात राहून विचक्राफ्ट शिकणाऱ्यांसाठी

रील पाहून विचक्राफ्टकडे, म्हणजे दिवा, दोरा, झाडपाला मांडून विधी करण्याच्या पाश्चात्त्य रीतीकडे वळलेल्यांचा पहिला खर्च रंगीत मेणबत्त्यांवर होतो, आणि विदर्भात तोच सगळ्यात आधी वाया जातो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखालच्या खोलीत तर विचारूच नका. पॅराफिनचं मेण साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं, पण मऊ त्याच्या आधीच पडतं. पेटीत उभी ठेवलेली मेणबत्ती मृग लागेपर्यंत वाकडी झालेली असते. त्यापेक्षा मातीची पणती घ्या. नवी असेल तर चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा, नाहीतर ती तेल पिते. वात घरच्याच कापसाची, सरकी नीट काढलेली. दोन चमचे तिळाचं तेल घातलं की तासभर तरी बघायला नको. रंग हवाच असेल तर पणतीभोवती हळदीचे किंवा कुंकवाचे तांदूळ मांडा. शेंदूर टाळा, त्यात शिशाचं संयुग असू शकतं.

जवसाचं तेल आपल्याकडे घरोघरी असतं, पण ते वातीवर चिकट खपली धरतं. शिवाय जवसाचं तेल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. असं फडकं पाण्यात भिजवून मगच टाका. दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असेल, तर त्या खोलीत पणती, धूप, उदबत्ती काहीही नको.

आता हे आहे काय. विचक्राफ्ट हजारो वर्षांपासून जसंच्या तसं चालत आलंय, असं कोणी सांगितलं तर तिथेच सावध व्हा. आज जे शिकवलं जातं त्याचा बराचसा सांगाडा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिला. तिथला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या विषयावर उघडपणे पुस्तक छापलं. गार्डनर आयुष्याची बरीच वर्षं सिलोन आणि मलायात नोकरी करून परतलेला माणूस. त्यांच्या विधींचे शब्द पुढे त्यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंट यांनी घासूनपुसून घेतले. या पंथाला विक्का म्हणतात. विक्का न मानताही विचक्राफ्ट करणारे पुष्कळ आहेत. सैतानाशी दोघांचाही संबंध नाही. कोणाचं नुकसान होणार नसेल तर मनासारखं करा, एवढीच विक्काची मुख्य शिकवण. आणि याने पाऊस पडत नाही, रोग बरा होत नाही. मन एका जागी बसवण्याची ही एक रीत आहे. यापलीकडचं आश्वासन देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पहिला विधी वर्तुळाचा. वीस मिनिटं पुरतात. जागा झाडून घ्या. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर पाहायची तर लोखंडी कपाट आणि टिनाच्या भिंतीपासून दूर उभे राहा, नाहीतर सुई भरकटते. सकाळी सूर्य कुठून निघतो ते पाहून ठेवलेलं बरं. उत्तरेला मूठभर वावरातली माती, पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला पणती, पश्चिमेला गडूभर पाणी. ही मांडणी इंग्लंडच्या भूगोलाला जुळते: त्यांचा महासागर पश्चिमेला आणि सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला. आपल्याकडे अग्नी आग्नेयेचा. कोणतीही एक मांडणी धरा, पण दर वेळी बदलू नका, कारण सवय लागल्याशिवाय मन तिथे बसत नाही. मधोमध बसायची जागा ठेवून प्रदक्षिणेसारखे तीन फेरे घ्या. मग बसा आणि आपला हेतू एका वाक्यात बोला. उठताना उलट फेरा घ्या, पणती झाकण ठेवून विझवा, माती आणि पाणी झाडाला घाला.

बहुतेकांचं बिघडतं ते हेतूच्या वाक्यात. ‘नोकरी लागू दे’ हे तुमच्या हातात नाही. ‘या पंधरवड्यात तीन अर्ज पाठवीन’ हे आहे. सुती दोऱ्याला नऊ गाठी मारत तेच वाक्य नऊ वेळा म्हणतात. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून सूतच घ्या. अर्ज गेले की दोरा सोडून टाका. दुसरी चूक जागेची. चांदणं चांगलं म्हणून पावसाळ्यात रात्री धुऱ्यावर जाऊन बसू नका. साप-विंचवाचे ते दिवस. घरचा ओटा पुरेसा आहे.

धुरीसाठी ऑनलाइन विकतात ती व्हाइट सेज मागवायची गरज नाही. ती कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या कोरड्या टेकड्यांवरची वनस्पती, आणि खप वाढल्यापासून तिथे ती ओरबाडली जातेय. गोवरीचा एक निखारा, त्यावर चिमूटभर राळ किंवा गुग्गुळ, वाळलेली कडुनिंबाची चार-पाच पानं. पानं जास्त झाली की डोळे चुरचुरतात आणि खोकला लागतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत निखारा धुमसत ठेवला तर विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो.

इंग्रजी पुस्तकांतल्या झाडपाल्याला ‘इथला पर्याय’ शोधताना खरा धोका होतो. युरोपातल्या जुन्या मलमांच्या गोष्टींत बेलाडोना हे विषारी झुडूप येतं. आपला धोतरा त्याच कुळातला, म्हणून कोणी त्याचं बी जाळायला जातं. धोतऱ्याने भ्रम होतो, बुबुळं मोठी होतात, माणूस दगावतोही. गुंजांची माळ दिसायला सुंदर, पण भोक पाडलेली किंवा फुटलेली गुंज पोटात गेली तर जीवावर बेतते. कण्हेर हृदयावर जातं, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी फोड धरते. ही पाचही नावं यादीतून काढून टाका. तुळस, बेल, कडुनिंब, हळद यांवर वर्षभर आरामात भागतं. स्फटिकही विकत घेऊ नका, वावरात नांगरटीनंतर गारगोट्या वर येतात त्या धुऊन वापरा. पौर्णिमेचं पाणी ठेवायचं असेल तर भांड्यावर कापड बांधा, उघड्या पाण्यात डासांची अंडी होतात.

सणांचं चक्र सगळ्यात जास्त अडवतं. विक्काचे आठ सण आहेत. त्यांतले चार सूर्याचे: दोन अयनदिन (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन समरात्रदिन (दिवस-रात्र सारखे). ते तारखेनुसार पाळायला हरकत नाही, फक्त त्यांचा थाट इथे उतरत नाही. लंडनला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात पावणेनऊ तासांचा फरक असतो, नागपूरला अडीच तासांच्या आसपास. उरलेले चार तिथल्या शेतीचे. १ ऑगस्टला त्यांची पहिली कापणी, तेव्हा आपल्या सोयाबीनमध्ये डवरणी-निंदण चाललेलं. ३१ ऑक्टोबरला त्यांचा पूर्वजांचा सण, आपली सर्वपित्री अमावस्या त्याआधीच होऊन गेलेली. म्हणून ते चार सरळ इथले घ्या. पूर्वजांसाठी सर्वपित्री किंवा अखाजी, आगीसाठी होळी. घरातलं नको ते बाहेर काढण्यासाठी मात्र मारबतीची बरोबरी करेल असं काही इंग्रजी पुस्तकांत नाही. पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे उचलायच्या, ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर टाकायच्या. नागपुरात याचीच काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक होते. सगळ्या गावासोबत, उजेडात केलेला हा विधी आहे, आणि खेड्यात हे फार महत्त्वाचं.

कारण इथे लपून केलेल्या गोष्टीची किंमत दुसरंच कोणी मोजतं. चौरस्त्यावर टाकलेलं लिंबू सकाळी कोणाच्या तरी नावावर जातं, बहुतेकदा एकट्या म्हाताऱ्या बाईच्या. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या एका गावात २०२१ साली भानामतीच्या संशयावरून वयस्कर माणसांना बांधून मारहाण झाली. तेव्हा चौरस्ता नाही, मसणवट नाही, सुया टोचलेलं लिंबू नाही, बाहुली नाही, कोणाचे केस-कपडे नाहीत, आणि चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव नाही, भल्यासाठी असलं तरी. विधीचं उरलंसुरलं आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. अमुक बाई करणी करते असं सांगत फिरणं त्यात बसतं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून गंडेदोरे करणंही बसतं. तुम्ही हे शिकताय असं कळलं की कोणीतरी तापाचं लेकरू घेऊन दारात येईल. त्याला उंबऱ्यावरूनच सरकारी दवाखान्यात धाडा. ‘थोडं पाहून देतो’ म्हणालात की तुम्ही भगत झालात.

राहिली वही. केलेल्या विधींची नोंद ठेवतात, तिला इंग्रजीत बुक ऑफ शॅडोज म्हणतात. शंभर पानी साधी वही चालते. तारीख, तिथी, काय मांडलं, काय म्हटलं, पंधरा दिवसांनी काय झालं, काय बिघडलं. बॉलपेनने लिहा, पावसाळ्याच्या ओलीत जेलची शाई पसरते. कसर लागू नये म्हणून पानांत कडुनिंबाचा पाला ठेवा. पुष्कळ नवखे हौसेने थीबन लिपीत, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी गूढ चिन्हं वापरून लिहितात, ती शिकायला दोन दिवस लागतात. शहरात ती गंमत आहे. गावात न वाचता येणाऱ्या अक्षरांची वही कोणाच्या हाती लागली तर ती करणीचा पुरावा म्हणून पारावर जाते. मराठीत लिहा, आणि वही घरच्यांना सहज चाळता येईल अशी फळीवर ठेवा.