मोबाइल ५० मेगापिक्सेलचा, मग हा १.६चा कॅमेरा कशाला?

भोसरीतला गाळा असो, चाकणची लाइन असो की चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधलं प्रदर्शन, मशिन व्हिजनचा, म्हणजे कॅमेऱ्याने माल तपासण्याचा, डेमो मांडला की हा प्रश्न येतोच. "साहेब, खिशातला मोबाइल ५० मेगापिक्सेलचा आहे. तुमचा हा स्मार्ट कॅमेरा १.६चा, आणि किंमत ऐकून बसायलाच होतं. एवढं आहे काय त्यात?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून हिशेब मांडूनच सांगतो.

मोबाइलच्या ५० मेगापिक्सेल सेन्सरमधला एकेक पिक्सेल साधारण १ मायक्रॉनचा, आणि एरवी चार-चार पिक्सेलांची मोट बांधून फोन तुम्हाला १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. कारखान्यातल्या कॅमेऱ्यांत सर्रास सापडणारा सोनीचा आयएमएक्स२७३ हा सेन्सर १४४० बाय १०८० पिक्सेलांचा, पण त्यातला प्रत्येक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. क्षेत्रफळात तो जवळजवळ १२ पट भरतो आणि त्याच प्रमाणात प्रकाश गोळा करतो. शिवाय त्याचं शटर ग्लोबल आहे, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी मिटतात. मोबाइल ओळीमागून ओळ वाचतो, त्यामुळे पळत्या कन्व्हेयरवरचा गोल जॉब (तपासायचा भाग) त्यात तिरका येतो. आणि मोबाइलला फोटो देखणा करायची खोड असते. एक्स्पोजर तो स्वतः बदलतो, फोकस हलवतो, बारीक ओरखडे 'नॉइज' समजून पुसून टाकतो. आपल्याला नेमका तो ओरखडाच हवा असतो.

स्मार्ट कॅमेरा म्हणजे सेन्सर, प्रोसेसर, तपासणीचं सॉफ्टवेअर आणि इनपुट-आउटपुट हे सगळं एकाच डब्यात. वेगळा पीसी लागत नाही. २४ व्होल्ट द्या, ट्रिगर म्हणजे 'आता फोटो काढ' असा सिग्नल द्या, तो फोटो काढतो, स्वतः निकाल लावतो आणि पीएलसीला, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरला, ओके की एनजी ('नॉट गुड', नापास) ते कळवतो. चार-सहा कॅमेरे एकत्र चालवायचे असतील किंवा खूप मोठ्या इमेजवर जड प्रक्रिया करायची असेल, तर पीसीची सिस्टिम परवडते. एका स्टेशनवर एक तपासणी असेल तर तो पसारा कशाला?

आता मेगापिक्सेल किती लागतात ते पाहू. अ‍ॅल्युमिनियमचं ६० मिमी व्यासाचं हाउसिंग आहे, त्याच्या खाचेत २ मिमी जाडीची काळी ओ-रिंग (सीलिंगची रबरी रिंग) बसली आहे की नाही ते बघायचं आहे. जॉब कन्व्हेयरवर थोडा इकडेतिकडे सरकतो, म्हणून कॅमेऱ्याला १०० बाय ७५ मिमीची चौकट दाखवू. १०० भागिले १४४०, म्हणजे एका पिक्सेलला ०.०७ मिमी. ओ-रिंगच्या जाडीवर जवळपास २९ पिक्सेल पडतात. दोष पकडायला त्यावर तीन ते पाच पिक्सेल आले तरी भागतं, म्हणजे इथे १.६ मेगापिक्सेलसुद्धा चैन आहे. पण त्याच चौकटीत ०.१ मिमी रुंदीचा ओरखडा शोधायचा म्हटलं तर त्यावर दीड पिक्सेलही पडत नाही. तिथे ४०९६ पिक्सेल रुंदीचा १२ मेगापिक्सेलचा सेन्सर हवा, आणि तितकं बारीक दाखवणारी लेन्सही हवी. थोडक्यात, आधी दोष मोजा, मग पिक्सेल.

ओ-रिंग दिसायला पुरेसे पिक्सेल आहेत म्हणून काम होतंच असं मात्र नाही, आणि खरी मेख इथेच आहे. कॅमेऱ्याभोवती नेहमीची रिंग लाइट लावली की मशिनिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम भगभगीत पांढरं दिसतं आणि खाचेत काळी सावली पडते. ओ-रिंगही काळी, रिकाम्या खाचेतली सावलीही काळी. कॅमेरा दोन्ही जॉब बिनदिक्कत पास करतो. पिक्सेल दहापट केले तरी सावली सावलीच राहणार. इथे डोम लाइट लागते. घुमटाच्या आतल्या पांढऱ्या पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडून येतो, खाचेचा तळ उजळतो आणि काळं दिसतं ते फक्त रबर. त्यात एक पथ्य आहे: डोम जॉबच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. रोबोचा ग्रिपर आडवा येतो म्हणून कुणी तो २०० मिमी वर उचलला की प्रकाश पुन्हा वरूनच पडू लागतो आणि सावली परत येते. ओ-रिंगला ग्रीस लावलेलं असेल तर तिच्यावर चकाकीचे ठिपके दिसतात, म्हणून एका बिंदूवरचा काळेपणा न बघता पूर्ण वर्तुळाची सरासरी बघावी. नाहीतर चांगला माल एनजीत जातो.

पंचिंगने कोरलेला डेटा मॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी कोड) वाचायचा असेल तर उलट करायचं. प्रकाश अगदी आडवा, जॉबच्या पृष्ठभागालगत टाकायचा, म्हणजे सपाट भाग काळा राहतो आणि ठिपक्यांच्या कडा चमकतात. नुसता बाह्याकार हवा असेल तर मागून बॅकलाइट. लाइटवर पैसे वाचवून कॅमेऱ्यावर उधळणारे खूप भेटतात. आमचा सल्ला उलटा असतो.

वेगाचा हिशेब सोपा आहे. कन्व्हेयर सेकंदाला ३०० मिमी पळत असेल आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंद ठेवलं, तर फोटो निघेपर्यंत जॉब ०.३ मिमी, म्हणजे चार पिक्सेलांहून जास्त सरकलेला असतो. ०.१ मिलिसेकंदावर आणा, अर्ध्या पिक्सेलचीही हालचाल राहत नाही. पण आता प्रकाश दहापट हवा, म्हणून लाइट स्ट्रोब करायची, म्हणजे फक्त फोटोच्या क्षणी जोरात चमकवायची. छोट्या एक्स्पोजरचा दुसरा फायदा पुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कळतो. छताला उजेडासाठी पारदर्शक शीट असतात, त्यातून दुपारी लाइनवर ऊन उतरतं आणि सकाळी बिनचूक चालणारी तपासणी जेवणाच्या सुट्टीनंतर बिघडते. एक्स्पोजर छोटं असलं की हे ऊन फोटोत कमी शिरतं; जोडीला लाल लाइट, लेन्सवर त्याच रंगाचा बँडपास फिल्टर (फक्त तोच रंग आत सोडणारा) आणि स्टेशनवर काळं आच्छादन, एवढं केलं की हा त्रास बराच आटोक्यात येतो.

लेन्स किती मिमीची (फोकल लेंग्थ) घ्यायची त्याचा अंदाज असा: अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले चौकटीची रुंदी. कॅमेरा २५० मिमीवर, सेन्सर ४.९७ मिमी, चौकट १०० मिमी, उत्तर साधारण १२ मिमीची लेन्स. फोकस जुळला की लेन्सच्या रिंगचे बारीक स्क्रू आवळायला विसरू नका. प्रेसशेजारी कंपनाने फोकस हळूहळू सरकतो आणि दोष कॅमेऱ्यावर येतो.

मग विचारतात, "याच कॅमेऱ्याने व्यासही मोजू ना?" साध्या लेन्सने नको. जवळची वस्तू मोठी दिसते. २५० मिमीवर जॉब फक्त १ मिमी वर उचलला गेला तरी आकार ०.४ टक्के वाढलेला दिसतो, ६० मिमीच्या व्यासावर ही चूक ०.२४ मिमीची. त्यासाठी टेलिसेंट्रिक लेन्स (अंतर थोडं बदललं तरी आकार तोच दाखवणारी) लागते, आणि तिचं पुढचं भिंग जॉबपेक्षा मोठंच असावं लागत असल्याने ती अवजडही असते आणि महागही.

बसवल्यानंतरच्या तक्रारींत कॅमेरा क्वचितच दोषी निघतो. जॉब आल्याचं कळवणारा लाइनवरचा सेन्सर एनपीएन, कॅमेऱ्याचं इनपुट पीएनपी (वायरिंगच्या दोन उलट पद्धती), मग ट्रिगरच येत नाही. त्याहून घातक प्रकार हँडशेकचा, म्हणजे कॅमेरा आणि पीएलसीमधल्या सिग्नलच्या देवाणघेवाणीचा. फोटो निघाला, निकाल यायला ८० मिलिसेकंद लागले, आणि पीएलसीने त्याआधीच आउटपुट वाचलं, म्हणजे मागच्या जॉबचा निकाल या जॉबला लागला. कॅमेऱ्याचा 'निकाल तयार' हा सिग्नल आल्याशिवाय वाचायचंच नाही. आणि पीएलसीत मूळ स्थिती एनजी ठेवायची. ओकेचा सिग्नल आला तरच जॉब पुढे जाईल, म्हणजे केबल तुटली तर माल अडेल, निसटणार नाही.

सीएनसीजवळ तेलाचा धूर काचेवर बसतो. लेन्ससमोर बदलता येणारी काच आणि कोरड्या हवेचा हलका झोत ठेवावा. शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम राखलेले दोन-तीन एनजी जॉब कॅमेऱ्याखालून सोडावेत, तो त्यांना पकडतोय ना ते बघायला. चांगल्या मालातला एक टक्काही चुकून एनजी होऊ लागला, तर १०,००० च्या शिफ्टमध्ये १०० चांगले जॉब बाजूला पडतात. मग सुपरवायझर तपासणी वगळणारा बायपास स्विच फिरवतो आणि तो पुन्हा कुणी सरळ करत नाही.

चौकशी करताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, जॉब पाठवा. वीस चांगले, वीस वाईट, आणि ज्यांच्यावर तुमच्याच दोन इन्स्पेक्टरांचं एकमत होत नाही असे जितके असतील तितके. पुसून पाठवू नका. लाइनवर जसे तेलकट येतात तसेच हवेत.