वासोट्याला जाताय? आधी गड, मग पाण्याकाठचं जेवण

राजगड-तोरणा पायाखालून घातलेल्या पुणेकराला वासोट्याचा चढ फार जड जात नाही. पायथ्याच्या मेट इंदवलीहून निघालेला माणूस रमतगमत दोन-तीन तासांत वर पोचतो. इथं खरा प्रश्न बोटीचा असतो. गड कोयना अभयारण्याच्या पोटात आहे, मध्ये शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाचं पाणी पसरलंय आणि अंधार पडायच्या आत परत यायलाच लागतं. वर मुक्कामाला बंदी आहे. म्हणजे जिथून बोट सुटते त्या बामणोलीत सकाळी जितका उशीर, तितका गड कमी बघून होणार.

पुण्याहून जाणारे बहुतेक ग्रुप आदल्या संध्याकाळी निघतात, रात्री उशिरा तंबूत पोचतात, शेकोटी आणि गाण्यांमध्ये मध्यरात्र उलटते आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी चढायला लागतात. आम्ही क्रम उलटा ठेवला. शनिवारी पहाटे चारला कात्रजहून निघालो. त्या वेळी खेड शिवापूरचा टोलनाका रिकामा मिळतो आणि खंबाटकीचा घाट ट्रकच्या मागे न रखडता चढता येतो. साताऱ्यात मिसळ खाल्ली, पेट्रोल भरलं, रोख पैसे काढले. ही तिन्ही कामं साताऱ्यातच उरका, पुढं कशाचाच भरवसा नाही, मोबाईलच्या रेंजचा तर नाहीच. मग यवतेश्वरचा घाट, कास आणि तिथून बामणोलीचा उतार. साताऱ्यापासून सव्वा तास धरा. कासला फुलांचा मोसम असेल तर त्या रस्त्यावर शनिवार-रविवारी जायचं नावच काढू नका. गाडी नसेल तर स्वारगेटहून सातारा आणि साताऱ्याहून बामणोलीची एसटी असं जाता येतं, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. त्या गाडीनं जाणाऱ्यांनी मात्र आदल्या दिवशीच पोचावं.

बामणोलीत वनखात्याची परवानगी आणि बोट अशी दोन कामं. ओळखपत्राच्या झेरॉक्स घरूनच न्या. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळे दहा-बाराजण असले तर परवडतं. चौघंच असाल तर धक्क्यावर आणखी कुणी तसंच हिशेब करत उभं असतं, त्यांना विचारायला लाजू नका. आम्हाला कराडचं एक कुटुंब भेटलं आणि त्यांच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्याही.

बोटीचा प्रवास तासाभराहून थोडा जास्त. बामणोलीजवळ कोयनेला सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात, पण आता नद्या अशा दिसत नाहीत, दिसतं ते एकच संथ हिरवं पाणी. १९६० च्या दशकात कोयनेचं धरण झालं आणि या खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आमचे नाववाले मामा सुकाणू धरल्या धरल्या म्हणाले, "हितं खाली आमच्या आज्याचं भाताचं खाचार हाय." एवढं बोलून त्यांनी इंजिनाचा आवाज वाढवला. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, बोट अलीकडेच थांबते आणि गाळातून भर उन्हात जास्तीची पायपीट होते. पावसाळ्यात जंगल बंदच असतं. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याची चौकी. तिथं सॅक उघडून प्लास्टिक मोजतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिक्कीचे कागद, सगळं नोंदवून अनामत घेतात आणि परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे परत देतात. काहीजण यावर वैतागतात. मला तर ही पद्धत सिंहगडावर कधी येते असं झालंय. खाऊ स्टीलच्या डब्यात आणि पाणी धातूच्या बाटलीत नेलं तर पाच मिनिटांत सुटका होते. पाणी माणशी तीन लिटर तरी ठेवा. गडावर टाकी आहेत, पण चढ संपेस्तोवर त्यांचा उपयोग नाही.

आता गाईड. वाट मळलेली आहे, मग पैसे कशाला घालवायचे, असा अस्सल सदाशिव पेठी विचार आमच्यातल्या एकाच्या मनात आला होता. पहिल्या अर्ध्या तासात तो विरघळला. मारुतीचं ठाणं आणि ओढा मागं टाकला की झाडी इतकी दाट होते की ऊन फक्त कवडशांतून जमिनीला लागतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, एकमेकांत गुंतलेल्या जाड वेली. आम्ही आपले समोर बघत चालत होतो आणि गाईडदादा खाली आणि बाजूला बघत चालत होते. एका झाडाशी ते थांबले. खोडावर छातीच्या उंचीला चार-पाच समांतर ओरखडे होते, त्यातला एक बोटाचं पेर बुडेल इतका खोल, कडेला डिंक सुकून काळा पडलेला. "अस्वल. मधासाठी चढलं असंल वर," ते म्हणाले. ओरखड्यातल्या डिंकाला मुंग्या लागल्या नव्हत्या, म्हणजे खूण जुनी, हेही त्यांनीच दाखवलं. पुढं गव्याचं शेण, सांबराचे खूर आणि वर शेकरूचं काटक्यांचं घरटं. प्रत्यक्ष जनावर एकही दिसलं नाही. दिसावं म्हणून जाऊही नका. चाळीस माणसं गप्पा मारत चालली असताना गवा कशाला थांबेल?

गाईडचा दुसरा उपयोग म्हणजे मोठमोठ्यानं बोलणाऱ्यांना ते गप्प करतात. हे काम घरच्या माणसाला जमत नाही. कोयना २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, एवढं सांगितलं की पोरंसुद्धा आवाज खाली आणतात.

वाटेत नागेश्वरचा फाटा लागतो. गुहेतल्या शिवलिंगाला जायचा मोह होतोच, पण वासोटा आणि नागेश्वर दोन्ही एका दिवसात करायचे तर पहिल्याच बोटीनं यायला हवं आणि सगळ्यांचे पाय एका दमाचे हवेत. निर्णय बामणोलीतच घ्या, फाट्यावर मतदान घेऊ नका. शेवटच्या टप्प्यात झाडी संपून कारवी आणि गवत लागतं. तिथलं ऊन मात्र झोंबतं. मग पडक्या दरवाजातून आत गेलं की समोर बिनछपराचा मारुती.

वर फार बांधकाम उरलेलं नाही. पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ, वाड्याचे चौथरे. माचीवरून हवा स्वच्छ असेल तर रसाळ, सुमार, महिपतगडाची रांग आणि चकदेव दिसतो. पण बसून राहायची जागा म्हणजे बाबूकडा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा काळा तुटलेला कडा, खाली नजर पोचेपर्यंत नुसतं रान आणि पलीकडे जुना वासोटा हा शेजारचा डोंगर. शिवकाळात या गडाचा उपयोग तुरुंगासारखा झाला, आणि त्या कड्यावर उभं राहिलं की पहारेकऱ्यांना फारसं काम नसणार हे पटतं. १८१८ साली इंग्रजांनी त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून इकडे मारा केला आणि गड घेतला. त्या वेळी साताऱ्याच्या राजघराण्यातली मंडळी गडावर होती आणि दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते. तोफा ओढत त्या रानातून वर कशा नेल्या असतील हा विषय आम्हाला दशम्या संपेपर्यंत पुरला. कड्याला कठडा नाही. सेल्फीसाठी मागं मागं सरकणाऱ्याला हाताला धरून बसवा.

उतरताना गाईडदादा घड्याळ बघायला लागले की निमूट चाला. अंधाराआधी बोटी बामणोलीला लागायला हव्यात आणि उशीर झाला तर ऐकून त्यांना घ्यावं लागतं. मोसमाच्या सुरुवातीला पालापाचोळ्यात जळवा असतात, त्यांच्यासाठी तंबाखूची किंवा मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा. बूट चांगल्या पकडीचे हवेत, उतारावर सुकलेली पानं भारी दगा देतात.

संध्याकाळी काठावर मुक्कामी पोचलो तेव्हा तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी दगडांची चूल पेटवली होती. तांदळाची उकड परातीत मळताना त्या मधेच तळहात गार पाण्यात बुडवत, पुन्हा पीठ थापत, आणि भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवत. कडा सुटली की उलटी, मग थेट निखाऱ्यावर, तिथं ती टम्म फुगायची. कोंबडीचा काळपट रस्सा, धरणातला तळलेला मासा, खरडा, इंद्रायणीचा भात. "आवो, पाण्यावरनं गार वारं सुटलं की दोन भाकरी जास्ती लागत्यात, लाजू नगा," असं म्हणत त्या वाढत राहिल्या. हेच जेवण आदल्या रात्री, गाडीतून अंग आंबून उतरल्यावर जेवलो असतो तर निम्मं ताटात राहिलं असतं.

एक तक्रार आहे. काठावरच्या काही कॅम्पवर स्पीकर लावतात. आमच्या शेजारच्या कॅम्पवर 'झिंग झिंग' प्रकारातलं काहीतरी साडेदहापर्यंत चालू होतं, अभयारण्य समोर पाण्यापलीकडे असताना. बुकिंग करतानाच स्पष्ट विचारा, "स्पीकर असतो का?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे फोन लावा. बामणोली-शेंबडीच्या बाजूला घरगुती सोय करणारे बरेच आहेत आणि त्यांच्याकडे जेवणही सरस असतं. कोंबडी की मासे, किती माणसं, शाकाहारी कोण, हे सकाळी बोटीत बसायच्या आधीच सांगून ठेवा. आयत्या वेळी विचारलंत तर पिठलं-भाकरी मिळेल, तेही काही वाईट नसतं. डिसेंबर-जानेवारीत पाण्याकाठी थंडी पुण्यापेक्षा चांगलीच बोचते, तेव्हा कानटोपी आणि एक जास्तीची चादर घ्या.

रविवारी सकाळी चहा-पोहे करून निघालो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि दुपारच्या जेवणाला घरी होतो. रविवारी संध्याकाळी महामार्गावर पुण्याकडे जी रांग लागते, तिच्यात अडकायचं नसेल तर हेच वेळापत्रक ठेवा.