गेली की नाही?

ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधे बसणाऱ्या फायरवॉलला दोन इंटरनेट लाइनी जोडायचं ठरलं की कागदावरचं चित्र फार देखणं होतं. वरून दोन रेघा, मधे चौकोन, खाली स्विच. ऑफिस, कॅमेरे, पाहुण्यांचं वाय-फाय, ज्याची त्याची वेगळी व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क. आता नेट काही जात नाही, असं वाटायला लागतं.

‘दोन्ही शंभरच्या, म्हणजे दोनशेचा स्पीड ना?’ हा प्रश्न ठरलेला. एकट्या डाउनलोडला नाही मिळत. लोड बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे दोन्ही लाइनी एकदम वापरताना, फायरवॉल कनेक्शनं वाटून देते, एकाच कनेक्शनचे तुकडे दोन्हीकडे टाकत नाही. त्यातून बँकेच्या साइटला मधेच आयपी (आपला इंटरनेटवरचा पत्ता) बदललेला दिसला, तर ती लॉगआउट करून मोकळी! म्हणून मला फेलओव्हरच बरा वाटतो. एक लाइन कामाला, दुसरी राखीव.

पण पहिली गेली हे ठरवायचं कोणी? खरी मेख इथे आहे. बिघाड कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत असला तर मोडेमचे दिवे हिरवेच राहतात. मोडेमच्या पत्त्याला, १९२.१६८.१.१ ला, पिंग केलं (‘आहेस का?’ असं विचारलं) तर मिलिसेकंदात उत्तर. देणारा मोडेमच, तोही त्याच कपाटातला. गावाला पाऊस आहे का, हे घरातल्याच माणसाला विचारण्यातला प्रकार. पिंग बाहेरच मारायला हवं. एका लाइनवरून गूगलच्या ८.८.८.८ ला, दुसरीवरून क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ ला. (दोन्ही मोडेमचा पत्ताही हटकून १९२.१६८.१.१ हाच निघतो. एकाचा आधी बदलून घ्यावा, नाहीतर फायरवॉलला दोन्ही दिशा सारख्याच.)

साफ मेलेली लाइन परवडली, अर्धमेली नको. थोडी पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात, फायरवॉल दुसरीवर उडी मारते, मिनिटभरात पहिली शुद्धीवर येते, ही परत तिकडे. उडी मारली की बाहेरचा आयपी बदलतो आणि चालू व्हिडिओ कॉल तुटतो. जाताना घाई चालेल, परतताना नको. पहिली लाइन काही मिनिटं सलग नीट चालू दे, मग बघू.

दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरातून येतात का, हेही विचारून घ्यावं. जेसीबीला कंपनी कळत नाही.

चाचणी म्हणून सगळे फायरवॉलमधली वायर उपटतात. ते तिला लगेच कळतं, त्यात काय मोठं? मोडेम चालू ठेवून त्याच्यामागची फायबर काढायची, आणि मग घड्याळ बघायचं.