नवतपा, कूलर आणि चार कोटी अंकांची मूळ संख्या

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ही मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा माहीत असलेल्यांत ती सर्वांत मोठी होती: ४,१०,२४,३२० अंक. तरी तिच्या जातीच्या, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ अशा मर्सेन संख्या मूळ आहेत का हे ठरवणारी ल्यूका-लेहमर चाचणी दहावीतल्या पोराला वहीवर करता येते.

घातांक ५ घ्या, संख्या ३१. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, ३१ मूळ. घातांक ११ ला नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

भागाकारसुद्धा करावा लागत नाही. १९४ द्विमान पद्धतीत ११००००१०. शेवटचे पाच अंक ०००१०, म्हणजे २. पुढचे ११०, म्हणजे ६. बेरीज ८, हीच बाकी! मर्सेन संख्यांवर जीव जडावा तो अशा गोष्टींमुळे.

खरा घाम वर्ग करताना निघतो. कोट्यवधी अंकांचा वर्ग फूरिए रूपांतराने, म्हणजे मोठे गुणाकार झटपट करायच्या रीतीने, दशांश अपूर्णांकांत काढतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेतात. फरक ०.५ च्या जवळ गेला की चुकीचा पूर्णांक उचलला जाण्याची भीती, ०.४ च्या वरची सूचना प्राइम९५ ने, म्हणजे घरच्या संगणकावर अशा संख्या शोधणाऱ्या प्रोग्रामने, दिली तर ती मनावर घ्या. रॅम किंवा प्रोसेसर तापून एकच बिट उलटला तरी पुढची प्रत्येक पायरी चूक, आणि शेवटी शून्याऐवजी भलताच आकडा. तो खऱ्या बाकीसारखाच दिसतो. म्हणजे हाती आलेली मूळ संख्या निसटते आणि कळतही नाही.

नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, खोलीच तापलेली असते, तिथे हे फार सांभाळावं लागतं. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्याहून जास्त वेगाने पळवणं) बंद, रॅम नेहमीच्या वेगावर, आणि आधी रात्रभर प्राइम९५ ची ताण-चाचणी. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओलाव्याने पंख्यावर धूळ चिकटून बसते. लाइन गेली तर फार बिघडत नाही, दर अर्ध्या तासाला काम फाइलमध्ये जतन होतं.

आता पहिली चाळणी ३ पासून नुसते वर्ग करत जाणाऱ्या फर्मा चाचणीची असते. त्यात ‘वजा २’ नाही, म्हणून गेर्बिक्झची पडताळणी लागू पडते: मधेच हिशेब जुळवायचा, चुकला तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत. ल्यूका-लेहमरला ही सोय नाही. पण फर्मा चाचणी ‘बहुधा मूळ’ एवढंच सांगते. २०२४ ची संख्या डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर अशीच सापडली. मूळ म्हणून ती जाहीर झाली, ती वेगवेगळ्या यंत्रांवर ल्यूका-लेहमरने शून्य दिल्यावरच.