पांढरीची माती आणि माझा नकाशा

मी बी.कॉम. झाले आणि पुण्यात नोकरी शोधत होते. त्या दिवसांत मैत्रिणीबरोबर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात एका खुल्या व्याख्यानाला गेले. विषय होता दख्खनचे पहिले शेतकरी. ऐकता ऐकता 'जोर्वे' हा शब्द कानावर आला आणि मी ताठ बसले. संगमनेरजवळचं जोर्वे! आजोळी जाताना एसटीच्या पाटीवर कितीदा वाचलेलं नाव. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ प्रा. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं, आणि तिथल्या खापरांवरून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या, संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव पडलं. आमच्या शाळेत हे कुणी एका ओळीनंही सांगितलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिथल्या पुरातत्त्वाच्या एम.ए.ला पदवी कुठल्याही शाखेची चालते असं कळलं. प्रवेश परीक्षेची तयारी केली, प्रवेश मिळाला.

पहिलं वर्ष खापरांत गेलं. मऊ ब्रशनं धुवायची, सावलीत वाळवायची, मग आतल्या बाजूला बारीक अक्षरात क्रमांक घालायचा. जोर्वे खापर ओळखायला हात तयार व्हावा लागतो. तांबूस-नारिंगी, वर काळ्या रंगाची नक्षी, आणि इतकं छान भाजलेलं की नखानं टिचकी मारली तर खणखणतं. चित्र काढणं त्याहून अवघड. काठाच्या तुकड्यावरून तोंडाचा व्यास काढायचा, डावीकडे छेद, उजवीकडे बाहेरची बाजू. माझी पहिली पाच-सहा चित्रं मॅडमनी परत दिली, कारण काठाचा कल चुकला होता. कल चुकला की वाडग्याची थाळी होते.

प्रबंधिकेसाठी मी घोड नदीचा एक छोटा पट्टा घेतला. याच नदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणून तिथलं सुमारे नऊशे वर्षं नांदलेलं प्राचीन गाव उलगडलं गेलं. घरं, चुली, धान्याचे बळद, आणि घरातल्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून पुरलेली तान्ही मुलं. मला खणायचं नव्हतं, त्याला रीतसर परवाना लागतो. मला फक्त आसपासची शेतं पायी धुंडाळून खापरं कुठे दिसतात ते नकाशावर मांडायचं होतं. रब्बीची काढणी झाली की जमीन मोकळी होते, तेव्हाच हे जमतं. उसात काही म्हणजे काही दिसत नाही. ओळी धरून चालायचं, प्रत्येक चौकोनातली खापरं मोजायची. महिनाभरात माझ्या नकाशावर दोन वस्त्या आल्या. एक नदीकाठच्या टेकाडावर, दुसरी तिथून अर्ध्या किलोमीटरवर एका मळ्यात. दुसरी वस्ती कुणीच नोंदवलेली नव्हती. मी फार आनंदात होते.

माझ्या मार्गदर्शक सरांची एक अट असते. ज्या गावात काम केलं, त्या गावाला ते सांगायचं. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, धारा काढून झाल्यावर, पन्नासेक माणसं जमली. मी तयारीनिशी गेले होते, पण 'सांस्कृतिक निक्षेप', 'वसाहतीचे थर' असे शब्द तोंडून निघत होते आणि समोरचे चेहरे कोरे होत चालले होते. "सोनं सापडलं का?" आणि "सरकार जमीन घेणार का?" हे दोन प्रश्न आले. दुसऱ्या प्रश्नामागे खरी भीती होती, म्हणून मी थांबून सगळं समजावलं. मी फक्त पाहणी करते आहे, त्यानं कुणाच्या सातबाऱ्यावर काही चढत नाही.

मग खांबाला टेकून बसलेले एक आबा म्हणाले, "ताई, तुम्ही थर थर म्हनताय, ती पांढरीच की."

काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या वस्तीची माती राखेनं, शेणानं, पडलेल्या भिंतींच्या चुऱ्यानं पांढुरकी होते. मी पुस्तकात वाचलेला शब्द ते रोज वापरत होते. मी नकाशा भिंतीवर धरला. आबांनी जवळ येऊन दुसऱ्या वस्तीवर बोट ठेवलं.

"हितं गाव नव्हतं. हा आमचा मळा. माझ्या बापानं त्या टेकाडाची पांढरी गाड्या भरभरून हितं टाकली. खत म्हनून. खापरं तिच्याबरोबर आली."

मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मळ्यात गेले, या वेळी जे आधी बघायला हवं होतं ते बघायला. खापरं बारीक, कडा झिजलेल्या, सगळीकडे सारखी विरळ पसरलेली. पाट्या-वरवंट्याचा तुकडा नाही, भाजलेल्या लिंपणाचं ढेकूळ नाही, राखेचा डाग नाही. मळ्यातल्या विहिरीच्या उघड्या कडेला वरपासून काळी माती आणि खाली थेट मुरूम. टेकाडाच्या तुटलेल्या कडेला मात्र राखेचे पट्टे स्वच्छ दिसत होते. आबांचं बोलणं विहिरीच्या कडेनं खरं ठरवलं.

प्रबंधिकेतलं एक प्रकरण मी पुन्हा लिहिलं. दुसरी वस्ती गेली. तिच्या जागी पांढरी कुठून उचलली, कुठे टाकली, याच्या आठवणी घरोघरी विचारून नोंदवल्या. टेकाड इतकं खचलेलं का, त्याचंही उत्तर त्यातच मिळालं. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न याच प्रकरणावर आले आणि मला एकाही प्रश्नाची भीती वाटली नाही.

निकालानंतर सुधारलेला नकाशा मोठा छापून घेऊन गावी गेले. आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग टेकाड आणि मळा यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. "हितनं गाडीवाट होती, ओढ्याच्या कडंकडंनं. ती राहिली बघा."

मी पेन्सिल काढली आणि ते बोट दाखवत गेले तशी वाट आखत गेले.