कासवाच्या पाठीवरचे पांढरे डाग

आज भाचीचा रडवेला फोन, "मामा, टिल्लूला बुरशी लागलीय!" लगेच गेलो. बशीएवढं, रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव, कवचभर पांढुरके ठिपके. नखाने हलकेच खरवडले तर चुन्यासारखी भुकटी निघाली. बोअरच्या जड पाण्यातले क्षार, बुरशी नव्हे. कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा सुटत होता. वाढत्या कासवाचं हे नेहमीचंच. भाची तो ओढायला निघाली होती, तिला थांबवलं. तो आपणहून गळू द्यायचा, कारण त्याच्याखाली जिवंत हाड असतं.

घाबरायचं ते वेगळ्या खुणांना. कवच दाबल्यावर मऊ लागलं, खड्डा पडला, कुजका वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोटाकडचं कवच लालसर दिसलं तरीही. रक्तात संसर्ग पसरल्याची ती खूण असू शकते. तेल, हळद, माणसांची मलमं मनाने लावू नका, कृपा करून.

टाकी बघून मात्र जीव कळवळला. अंग सुकवायला दगडच नाही! या जिवाला पाण्याबाहेर 32 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि अतिनील किरणही, नाहीतर कॅल्शियम पचत नाही, कवच कमजोर होतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याला पुरत नाही, काच ते किरण अडवते. विकताना ही एवढी माहिती द्यायला काय हरकत आहे?

संध्याकाळी विटांचा उतार रचला, दिवा मागवला. भाची आता दर रविवारी कवचाचा फोटो काढणार आहे. आणि हाताळल्यावर साबणाने हात धुणार, कासवाकडून येऊ शकणाऱ्या साल्मोनेला जंतूंपासून बचाव म्हणून.