तयार फाइल मागता, म्हणून सांगतो

"तुमची इनिट फाइल पाठवा ना, सुरुवात तरी होईल." मी ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरतो हे कळलं की जो तो हेच, म्हणजे तो उघडताना लागू होणाऱ्या माझ्या सेटिंगची फाइल, मागतो, आणि नाही म्हटलं की मी आखडू ठरतो. म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

मीही ती मागूनच आणली होती. सहाशे ओळींची, एका जाणत्याची. पहिल्याच दिवशी रंग, शॉर्टकट, शब्द आपोआप पूर्ण होणं, सगळं हजर. वर्षभर छान चाललं. मग एका रात्री, सकाळी काम द्यायचं असताना, कुठूनतरी उचललेली एक ओळ मी त्या फाइलीत अगदी वर चिकटवली आणि ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडला. रंग गेले, शॉर्टकट गेले. निरोप एवढाच: 'एंड ऑफ फाइल ड्युरिंग पार्सिंग'. फाइलचा शेवट म्हणतोय म्हणून मी शेवटच तपासत बसलो. तळाच्या पन्नास ओळी खालीवर केल्या, दोन पॅकेजं काढून टाकली. चूक होती वर. चिकटवलेल्या ओळीत बंद होणारा एक कंस कमी होता आणि तो शोधत लिस्प, म्हणजे ही फाइल जिच्यात लिहितात ती भाषा, पार फाइलच्या टोकापर्यंत गेली होती. वाटेतलं काहीच लागू झालं नाही. सेव्ह कसं करायचं तेही मला येईना, कारण त्या फाइलीनं ती बटणंसुद्धा बदललेली होती. काम दुसऱ्या एडिटरात उरकलं, उशिरा दिलं, बोलणी खाल्ली. राग काढला त्या जाणत्यावर. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी कोणतीही सेटिंग न घेता ईमॅक्स उघडला. ती फाइल उघडून 'चेक-पॅरेन्स' ही कंस जुळतात का ते तपासणारी कमांड चालवली, तर कर्सर थेट त्या ओळीच्या कंसावर. मग कंट्रोल-एच, टी दाबून आतलंच ट्यूटोरियल पहिल्यापासून केलं. त्यानंतर कंट्रोल-एच, के दाबून (पुढचं बटण काय करतं ते यानं कळतं) सहज 'ए' दाबला. उत्तर आलं: 'सेल्फ-इन्सर्ट-कमांड'. म्हणजे साधं अक्षर उमटतं तेही एक फंक्शन चालतं म्हणून, आणि ते मला बदलता येतं! १९७६ साली एमआयटीत हा एडिटर मॅक्रोंच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या आज्ञांच्या, गठ्ठ्यातून उभा राहिला, नावातच 'एडिटर मॅक्रोज' आहे. मी वर्षभर वापरत होतो तो दुसऱ्यानं लावून दिलेला संसार.

पण तेव्हाचा मी आज समोर बसला, तर म्हणेल, "ती फाइल नसती तर आठवड्यात सोडून दिलं असतंस." आणि मला ते खोडता येत नाही. कोरा ईमॅक्स बघून परत गेलेले लोक मी पाहिलेत. तयार फाइलीवर वर्षानुवर्षं सुखानं काम करणारेही पाहिलेत.

तरी माझी फाइल देणार नाही. आता ती साठ ओळींची आहे आणि त्यातल्या दोन मलाच नीट समजलेल्या नाहीत. तुमची स्वतःची पहिली ओळ लिहा. कंस सापडला नाही तर रात्री कितीही वाजता विचारा, बसू शोधायला.